बाजूला बसणारीचे गाठोडे

सकाळी स्वयंपाकघरात उंदीर मेला. दुपारी आम्ही घर सोडले. गाडीत मी, माझी आई, माझी पत्नी आणि आमची मुलगी असे चौघे होतो. परतलो ते तिघे.

ही हकीकत कल्याणची, प्लेगच्या पहिल्या सालांतली. साथ आधी मुंबईत होती तोवर आमच्याकडे तिला ‘मुंबईचा ताप’ म्हणत आणि सुपारी कातरता कातरता तिच्याविषयी बोलत. मग खाडीकडच्या वस्तीत उंदीर पडू लागले. उंदीर गोल गोल फिरतो, झिंगतो आणि माणसांदेखत मरतो, असे बघून आलेले लोक सांगत. उंदरामागून माणसे पडू लागली. शाळा बंद झाल्या. मी शाळेत शिकवीत असे, त्यामुळे घरी बसलो आणि वाचीत राहिलो. दुसरे काही मला येत नव्हते.

आमची दोन मुले पाळण्यातच गेली होती. ही तिसरी, पाचवे ओलांडलेली. घरात साथीचे बोलणे निघाले की पत्नी फार बोलत नसे. एकदाच म्हणाली, “हिला वाचवायचं. बाकीचं मग बघू.” पुढे जे जे झाले ते या एका वाक्याच्या धाग्याने झाले, म्हणून ते आधी लिहून ठेवतो.

गाठोडे तिने उंदीर पडण्याच्या पुष्कळ आधीच बांधायला घेतले होते. गल्लीत सगळ्यांचीच गाठोडी तयार होती. कोणी देव, दागिने आणि दस्तऐवज बांधले होते, कोणी गाद्या आणि लोणच्याच्या बरण्या. समोरच्या घरी पाटा-वरवंटासुद्धा पोत्यात घातला होता, आणि तो उचलून पाहताना घरधन्याची कंबर धरली होती. आमच्या गाठोड्यात यांतले काहीच नव्हते. आई एक दिवस ते उलगडून बघत बसली.

“अगो, हे काय? जुन्या बाजारात दुकान थाटणार आहेस की काय?”

“लागेल तेवढंच घेतलंय, सासूबाई.”

“फुटका आरसा लागेल? गाईची घंटा लागेल? गाय कुठाय आपल्याकडे?”

“घंटा लागेल.”

“आणि ही करवंटी? एवढ्या लांब काठीला बांधलेली? चंद्रावरचं पाणी काढणार आहेस?”

पत्नी हसली. “दुरून वाढायला बरी.”

“गाद्या कुठायत?”

“गाद्या नाक्यावर जाळतात म्हणे. घोंगडी औषधाच्या पाण्यात बुडवून परत देतात. म्हणून घोंगड्या घेतल्या.”

मी मध्येच म्हटले की माझी पुस्तके एका पेटीत बसतील. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुस्तकं राहू देत. उंदरांनाही वाचायला काही हवं.” आई मोठ्याने हसली. मीही हसलो. त्या दिवसांत घरात हसू आले की ते जरा जास्तच वेळ टिकवून धरीत असू.

आता साथ दरसाल येते. थंडी सरता सरता लोक पुन्हा गाठोडी बांधू लागतात, आणि आमची हकीकत ठाऊक असलेले कोणी ना कोणी येऊन विचारतात, काय घ्यावे. मी सांगतो. देव, दागिने कोणी विसरत नाही, ते मी सांगत नाही. मी तुरटीचा खडा सांगतो. नदीचे गढूळ पाणी घागरीत भरून तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो. ते पाणी उकळून घेतले म्हणजे पिता येते. पत्रावळींच्या चवडी सांगतो, कारण आजाऱ्याचे ताट घासावे लागते आणि पत्रावळ जाळता येते. सुंभाचे वेटोळे सांगतो. झोपडी बांधायला, कपडे वाळत घालायला आणि ‘इथून पुढे यायचे नाही’ अशी हद्द आखायलाही ते उपयोगी पडते. मडकेभर राख सांगतो. राखेने हात धुता येतात, भांडी घासता येतात, आणि राखेत पुरलेला निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. आरशाचे आणि घंटेचे सांगताना मला थांबावे लागते. लोकांना वाटते, मास्तर आठवत आहेत.

हे सामान तिने कोणाला विचारून जमवले नव्हते. दर महिन्याला ती चार दिवस बाजूला बसे, जशी आमच्याकडे घरोघरी बायका बसतात. त्या दिवसांत तिला कोणी शिवायचे नाही. तिचा तांब्या वेगळा, तिची घोंगडी वेगळी. तिला पाणी वरून ओतायचे, जेवण दुरून पत्रावळीवर वाढायचे. काही हवे असले तर तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचे नाही, लांबूनच सांगायचे. घरात राहून घरापासून तुटून कसे राहायचे, याची तिला लग्नानंतरच्या साऱ्या वर्षांची सवय होती. साथीत माणसाला तोडून ठेवतात असे तिने ऐकले, तेव्हा तिला फार नवे वाटले नसावे. तिने बाजूला बसणारीला लागते तेच सारे गोळा केले, आणि त्यात थोडी भर घातली. त्या वेळी हे माझ्या ध्यानात आले नाही. मला ते एका नेटक्या बाईचे गाठोडे वाटले.

उल्हास नदी ओलांडण्याआधी नाक्यावर तपासणी होती. पुरुष एका बाजूला, बायका कनातीच्या आड. डॉक्टर काखेत, मानेला, जांघेत हात घालून बघे. आमच्या पुढच्या गाडीतल्या लोकांच्या गाद्या उतरवून एका बाजूला टाकल्या. तिथे आधीच गाद्यांचा ढीग जळत होता, आणि जळत्या कापसाचा वास सगळ्या रस्त्यावर भरला होता. त्या घरची म्हातारी शिपायाला सांगत होती, “अरे बाबा, लेकीच्या बाळंतपणाची गादी आहे रे ती.” शिपायाला मराठी येत नव्हते.

आमचे गाठोडे सोडले तेव्हा शिपायाने करवंटीची काठी उचलून दुसऱ्याला दाखवली. दोघे हसले. घोंगड्यांवर औषधाचे पाणी शिंपडले आणि आम्हाला सोडले. कनातीतून बाहेर आली तेव्हा पत्नीचा चेहरा उतरला होता. गाडीत बसल्यावर ती एवढेच म्हणाली, “पुन्हा कोणी हात नाही लावायचा. माझं मी बघेन.” आरसा त्यासाठी होता.

आंबिवलीच्या शिवारात एका आगरी शेतकऱ्याचे खळे होते. तो दरसाल आमच्या घरी भात आणून घालीत असे, तेवढीच ओळख. भात झोडून झाला होता, खळे मोकळे होते, आणि कडेच्या शेतांत वाल फुलोऱ्यावर होता. कारवीच्या कुडाची आणि पेंढ्याच्या छपराची झोपडी त्याने उभी करून दिली. पत्नी मला म्हणाली, अजून एक लहान झोपडी सांगा, जरा लांब, त्या आंब्याच्या झाडापलीकडे.

“दोन कशाला वं?” तो म्हणाला. “रानात पन बामनांना माजघर-ओटी पायजेल का?”

“बाजूला बसायला जागा नको का?” आईने परस्पर उत्तर दिले. आईला ही मागणी फार योग्य वाटली. रानातही सून विटाळ पाळणार म्हणून ती दोन दिवस खूश होती.

तिथले पहिले दिवस वाईट नव्हते. मला ते आठवताना अपराध्यासारखे वाटते, पण ते खरेच बरे गेले. काळू नदी जवळ होती. दुपारी कसाऱ्याकडे जाणारी आगगाडी लांबून शिटी देई आणि मुलगी धावत बांधावर जाई. मी तिला मातीत काटकीने अक्षरे काढून देत असे. रोज सकाळी ऊन अंगणात आले की पत्नी मुलीला समोर उभी करून तिची मान, काखा, जांघा बघे. मुलीला गुदगुल्या होत. “आई, गाठ मिळाली का?” ती विचारी. “नाही मिळाली, उद्या शोधू,” पत्नी म्हणे. मग ती आरसा घेऊन आंब्याच्या आड जाई आणि स्वतःची मान बघून येई. आल्यावर माझ्याकडे बघून नुसती मान हलवी. त्यानंतर माझा दिवस सुरू होई.

कल्याणहून बातम्या येत. समोरच्या घरचे दोघे गेले. ते शेवटपर्यंत निघालेच नव्हते, कारण कंबर धरल्याने घरधन्याला गाडीत बसवेना.

एका सकाळी ती आंब्याआडून आली नाही. बराच वेळ झाला. मग तिकडूनच हाक मारून म्हणाली, “सासूबाई, मला शिवू नका. मी बाहेरची झाले. माझी घोंगडी, तांब्या तिथं बांधावर ठेवा.”

आई तांदूळ निवडत होती. तिने बोटांवर काही मोजले. “अगो, आत्ताच तर झाली होतीस, कल्याणला.”

“दगदगीनं मागं-पुढं होतं.”

“होतं खरं,” आई म्हणाली. “दुष्काळाच्या साली माझंही झालं होतं.” आणि ती पुन्हा तांदळाकडे वळली.

पत्नी लहान झोपडीत गेली. जाताना घंटा मागून घेतली आणि दाराच्या कुडाला बांधली. सुंभ आंब्यापासून बांधावरच्या खुंटीपर्यंत ताणायला मला सांगितले. ती स्वतः पुढे आली नाही. सुंभाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. मी म्हटले, “चार दिवसांसाठी एवढं कशाला?” ती म्हणाली, “पोरगी ऐकत नाही. दोरी दिसली की थांबेल.”

लहान मुलाला अंगावरचे कपडे काढून आईजवळ जाता येते, अशी आमच्याकडे पूर्वापार सवड आहे. मुलीने दुपारीच परकर काढला आणि दोरीखालून निघाली. पत्नी इतक्या जोरात ओरडली की ती जागच्या जागी रडायला लागली. आई मला म्हणाली, “बघ, किती कडक पाळते. आमच्या वेळीसुद्धा इतकं नव्हतं.” तिच्या आवाजात कौतुक होते.

मुलीला आम्ही नेहमीचेच सांगितले, आईला कावळा शिवलाय. शहरात ते चालून जाते. इथे रान कावळ्यांनी भरलेले होते. तिने ढेकळे गोळा केली आणि वालाच्या शेतात, आंब्यावर, खळ्यावर दिसेल त्या कावळ्याला मारीत सुटली. “कुठला होता? आई, हा होता का? का तो?” पत्नी झोपडीच्या दारात बसून उत्तरे देत होती. “तो नव्हे गं. तो पांगळा आहे बिचारा. माझा कावळा मोठा होता.” पहिल्या दिवशी ती अशी बोलत होती.

मी तिला पाणी घालायला जाई. दोरीच्या अलीकडून लांब काठीची करवंटी पुढे करायची, तिने तांब्या खाली ठेवून मागे सरायचे, मग मी ओतायचे. पदर तिने मानेभोवती घट्ट गुंडाळून घेतला होता. मी विचारले, थंडी वाजते का. ती म्हणाली, रानातला वारा आहे. दुसऱ्या दिवशी पत्रावळीवरचा भात तसाच राहिला. त्या दिवशी तिने पाणी मात्र सारखे मागितले. घंटा वाजे, मी जाई. घंटा पुन्हा वाजे. आई म्हणाली, पित्त झाले असेल, सुंठ दे. मी करवंटीतून सुंठेचे पाणी दिले. तिने ते घेतले आणि म्हणाली, “आता तुम्ही जा. तिला कविता शिकवा एखादी. मोठ्यानं म्हणायला लावा, म्हणजे मला इथं ऐकू येईल.”

शेतकऱ्याची म्हातारी आई शेळ्या घेऊन त्या बाजूने जात असे. तिसऱ्या दिवशी ती शेळ्या तशाच सोडून आमच्या झोपडीशी आली. आईला म्हणाली, “बाय, तुजी सून काय पिते का गो?”

“काहीतरी काय बोलतेस!”

“मंग अशी झिंगत का चालतंय? आत्ता झारापाशी बसाला जात व्हती, दोनदा पडली. डोले लाल हायत.” म्हातारीने आवाज खाली आणला. “माज्या भावाच्या घरी असंच झाला व्हता.”

आईच्या हातातले सूप खाली पडले. मी धावलो. दोरीपाशी पोचलो तोच घंटा जोराजोराने वाजायला लागली. पत्नी झोपडीच्या दारात कुडाला धरून उभी होती.

“तिथंच थांबा.”

“काय झालंय तुला?”

“तिथंच थांबा, मग सांगते.” जीभ जड झाल्यासारखे तिचे शब्द एकमेकांना चिकटत होते. “गाठ आहे. मानेला. त्या सकाळी आरशात दिसली.”

“म्हणजे तू बाहेरची...”

“नाही झाले. दुसरं काय सांगणार होते? ताप आलाय म्हटलं असतं, तर सासूबाई काढा घेऊन आल्या असत्या, तुम्ही डोकं दाबायला बसला असता आणि ती मांडीवर येऊन झोपली असती. बाहेरची म्हटलं की कोणी विचारत नाही, कोणी जवळ येत नाही.”

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. डॉक्टर, कल्याण, दवाखाना असे काही बोललो असेन. ती ऐकत होती. मग म्हणाली, “मला इस्पितळात नेतील. मला शिवलेले म्हणून तुम्हा तिघांना छावणीत टाकतील. छावणीत किती आजारी आहेत, ते तुम्हीच वाचून दाखवलं होतं मला वर्तमानपत्रातून. तिला तिथं न्यायचं नाही. तुम्ही मला शिवला नाहीत. तिनं शिवलं नाही. हे असंच राहू द्या.”

मी दोरी धरून उभा राहिलो. दोरी माझ्या कमरेइतकी उंच होती. तिच्याखालून पाच वर्षांची पोर जाऊ शकली असती, आणि मी जाऊ शकलो नाही. मागे वळून बघितले तर मुलगी खळ्यात उभी होती, हातात ढेकूळ घेऊन.

शेतकरी आला. त्याला कळले होते. तो बांधावर लांब उभा राहिला. त्याची बायको मागे रडत होती. “मास्तर, माजी पन पोरा हायत,” तो म्हणाला. मी म्हटले, आम्ही निघून जातो. तो म्हणाला, “जानार कुठं? ह्या वक्ताला कोन घेल तुम्हाला?” बराच वेळ तो वालाची एक वेल उपटत बसला. मग म्हणाला, “नदीवर ह्या अंगानं उतरू नका, खालच्या अंगानं उतरा. ताक बांधावर ठेवतंव. ती झोपरी मात्र मागनं जालाची.” ‘मागनं’ म्हणजे कशाच्या मागून, ते आम्हा दोघांनाही बोलवले नाही.

माझी आई जन्मभर सोवळ्यात वावरलेली. कोणाच्या सावलीने पाणी टाकून देणारी. ती उठली, लुगड्याचा काचा मारला आणि दोरीकडे निघाली.

“कुठं चाललीस?”

“तिच्यापाशी. माझं वय झालंय. मला काय होणार? फार तर मरेन.”

दोरीला तिचा हात लागतो न लागतो तोच घंटा वाजली. आतून आवाज आला. “सासूबाई, पुढं येऊ नका. तुम्ही आलात तर पोरीची वेणी कोण घालणार? ह्यांना येते का?”

“मला फसवलंस गो,” आई म्हणाली. “मी तुझं कौतुक करत होते. तीन दिवस कौतुक करत होते मी.”

“मग अजून थोडं करा,” पत्नी म्हणाली. “आणि मागं जा.”

आई तिथेच, दोरीच्या अलीकडे, मातीत बसली आणि कपाळ जमिनीला टेकवून रडू लागली. सुनेपुढे डोके टेकलेली सासू मी त्याआधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन गेलो तेव्हा तांब्या पुढे आलेला नव्हता. मी हाक मारली. घंटा हलली, पण पुरती वाजली नाही. करवंटीची काठी पुरी लांब करून मी दारातून आत पाणी सोडले. ते जमिनीवर पसरले. तिने तोंड त्या बाजूला वळवले असावे, घोंगडी हललेली दिसली. मी पुन्हा भरून पुन्हा सोडले. किती वेळा ते माहीत नाही. इतक्या लांबून माणसाच्या तोंडात पाणी पडत नाही. काठीला एक मर्यादा असते.

दुपारी मुलीला आई नदीच्या खालच्या अंगाला घेऊन गेली, आगगाडी दाखवते म्हणून. गाडीची शिटी झाली. मी दोरीखालून गेलो.

आत उष्ण वास होता. मी तिचे डोके मांडीवर घेतले. मानेला गाठ होती, लिंबाएवढी, आणि तिच्यामुळे डोके एका बाजूला वळले होते. तिने डोळे उघडून मला ओळखले. ती रागावली, हे मला तिच्या भुवयांवरून कळले. रागावण्याइतकाही आवाज तिच्यात नव्हता. मी ओंजळीने तिच्या तोंडात पाणी घातले. ते तिने गिळले. लग्न झाल्यापासून मी तिला कधी हाताने पाणी पाजले नव्हते. असे कोणी करीत नाही.

“तिला शिवू नका,” ती म्हणाली.

“नाही शिवणार.”

“पुष्कळ दिवस.”

“पुष्कळ दिवस.”

ऊन उतरायला लागले तेव्हा ती गेली.

काळूच्या काठी शेतकऱ्याने लाकडे रचून दिली आणि लांब जाऊन उभा राहिला. मी एकट्याने केले ते केले. परतलो तेव्हा लहान झोपडी पेटवलेली होती. घोंगडी, आरसा, तांब्या, सगळे आत. गावकामगाराकडे वर्दी गेली, मग एक अंमलदार आणि डॉक्टर येऊन गेले. तिघांनाही तपासले. आम्ही आधीच रानात आहोत असे बघून त्यांनी आम्हाला तिथेच राहायला सांगितले, आणि मला वेगळे राहायला सांगितले. ते सांगावे लागले नसते. मी आंब्याखाली राहिलो. सुतक होते, सुतकात तसेही कोणी शिवत नाही. आई दोरीच्या पलीकडून मला भात वाढी. आता त्या बाजूला ती होती आणि या बाजूला मी.

मुलीने दोन दिवस मला काहीच विचारले नाही. तिसऱ्या दिवशी ती दोरीपाशी येऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्हालाही कावळा शिवला?”

“हो.”

“पुरुषांना शिवतो?”

“शिवतो.”

“मग आई तुमच्याकडे आहे का?”

मी नाही म्हटले. ती वळून आजीकडे गेली. त्यानंतर तिने ढेकळे मारली नाहीत. कावळे खळ्यात अगदी तिच्या पायांपर्यंत येत आणि ती त्यांच्याकडे बघत राही. दहाव्याला पिंड ठेवला तेव्हा कावळा लगेच शिवला. आई म्हणाली, हिची कशात वासना राहिली नाही. मला ते खरे वाटले नाही. तिची वासना खळ्यात उभी होती, केस विंचरलेली.

रोज सकाळी आई मुलीला उन्हात उभी करून मान, काखा, जांघा बघे. मी आंब्याखालून बघत असे. आई वळून मान हलवी. मला काही झाले नाही. एका माणसाला होते आणि त्याला मांडीवर घेणाऱ्याला होत नाही, हे कसे, ते मी नंतर एका डॉक्टरांना विचारले होते. त्यांनी दोन-तीन कारणे सांगितली आणि शेवटी म्हणाले, नक्की कळत नाही. कोणी म्हणते, ती उगीच एकटी पडून राहिली, माणसापासून माणसाला ते तसे लागतच नाही. कोणी म्हणते, लागते. मी दोन्ही बाजूंचे मिळेल ते वाचले. तिने केले ते आवश्यक होते की नव्हते, हे मला कोणत्याही पानावर सापडलेले नाही. सापडले तर काय करीन, हेही मला ठाऊक नाही. ते आवश्यक नव्हते असे निघाले, तर ती तीन दिवस उगीचच तहानेली राहिली असे होईल, आणि हे मी वाचू शकणार नाही.

वाल काढून झाले तेव्हा आम्ही कल्याणला परतलो. घराची कौले सरकारी माणसांनी ऊन आत यावे म्हणून उतरवली होती. भिंतींना चुना होता, जमीन खणलेली होती. माझ्या पुस्तकांचा भुगा कोपऱ्यात लोटून ठेवला होता. आईला त्या घरात झोप येईना. ती म्हणे, स्वयंपाकघरात कोणीतरी लांबून पाणी मागते. पुढल्या साली पावसाळ्यात ती साध्या तापाने गेली. शेवटपर्यंत तिने पुन्हा कोणाला ‘शिवू नको’ म्हटले नाही.

मग मी ठाण्यास शाळेत जागा घेतली. कोपरीला खोली केली. मुलीला रोज वेणी मी घालतो. ती वाकडी येते. मुलगी शाळेत जाते. तिला आईचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवतो.

आता आम्ही दोघे आहोत.